मुलाला गेम बनवायचाय. भाषा कोणती शिकवावी?

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा होता. मगरिबनंतर आमच्या मोहल्ल्यातले बेकरीवाले भाई घरी आले. हातात खारीचा पुडा, मागे अकरावीतला मुलगा. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले आणि मग त्यांनी खिशातून चार घड्या केलेला एक रंगीत कागद काढून आमच्यापुढे ठेवला.

"सर, तुम्ही दोन-दोन भाषा शिकवता. ही भाषा कशी आहे, एवढं सांगा."

कागदावर मोठ्या अक्षरांत 'सी प्लस प्लस' असे छापलेले होते.

आम्हाला हसू आले, पण भाईंचा चेहरा पाहून ते आवरले. जिल्ह्याच्या गावातल्या एका क्लासचा तो कागद होता. गेम बनवायला शिकवणार, सहा महिने, फी नव्वद हजार, निम्मी प्रवेशाच्या वेळी. भाईंची भिशी त्याच महिन्यात लागली होती. तो पैसा भट्टीच्या दुरुस्तीसाठी आणि नव्या ट्रेंसाठी ठेवलेला. मुलगा म्हणत होता, अब्बा, भट्टी पुढच्या वर्षी करू. मुलाची अम्मी म्हणत होती, मोबाइलवर गेम खेळून डोळे गेले, आता त्याचीच शाळा काढतोय. भाई दोघांच्या मध्ये.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. संगणकाशी आमचा संबंध निकालपत्रक भरण्यापुरता. त्यामुळे आम्ही एक दिवस मागून घेतला. मग तो एक दिवस लांबत लांबत चार महिन्यांवर गेला. त्या चार महिन्यांत जे समजले ते इथे लिहितो आहोत, कारण हा कागद आता बऱ्याच घरांत येऊन पडला असणार.

पहिला प्रश्न आम्ही मुलाला विचारला, "गेम कोणता बनवायचाय?"

"बीजीएमआयसारखा, सर."

ज्याने तो गेम पाहिला आहे त्याला कळेल की हे उत्तर म्हणजे, मला घर बांधायचंय, कुतुबमिनारसारखं. तशा गेममागे शेकडो माणसांची काही वर्षांची मेहनत असते. पण सोळा वर्षांच्या मुलाने दुसरे काय सांगावे? तो जे खेळतो तेच त्याला बनवायचे असते.

आमचा एक भाचा पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. दुसऱ्या दिवशी त्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि भाई, मुलगा, आम्ही असे तिघे ऐकत बसलो. कागदावरचे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "मामू, प्रश्न उलटा विचारताय. भाषा नंतर येते. आधी इंजिन ठरतं."

इंजिन म्हणजे काय हे त्याने बरेच समजावले, आमच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी भाईंनाच कळले. "म्हणजे भट्टी," ते म्हणाले. बेकरी काढणारा माणूस विटा भाजण्यापासून सुरुवात करत नाही. बांधलेली भट्टी घेतो आणि मैदा मळायला लागतो. तसेच पडद्यावर चित्र उमटवणे, दोन वस्तूंची टक्कर ओळखणे, आवाज वाजवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे प्रत्येक गेमला लागतात. ती सगळी करून देणारी तयार यंत्रणा म्हणजे गेम इंजिन. आपल्या गेमचे नियम त्या यंत्रणेला ज्या बोलीत सांगायचे ती प्रोग्रामिंगची भाषा. कोणत्या भट्टीला कोणती बोली समजते हे बहुतेक ठरलेले असते.

युनिटी हे इंजिन २००५ साली आले. त्याची भाषा सी शार्प, ती मायक्रोसॉफ्टने तयार केलेली. टाळेबंदीत घराघरांत खेळला गेलेला लुडो किंग आठवत असेल. २०१६ साली आलेला तो गेम आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, आणि युनिटीवरच बनलेला. अनरियल हे दुसरे मोठे इंजिन. त्याची भाषा सी प्लस प्लस. बीजीएमआय त्यावर चालतो. पोरे ज्या रोब्लॉक्सवर तासन् तास असतात तिथे लुआ या भाषेचे एक रूप चालते. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात तयार झाली आणि पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चाँद. भाईंना हे नाव फार आवडले. "हीच शिकव," ते मुलाला म्हणाले. नाव आवडले म्हणून भाषा निवडायची तर आम्हीही तीच निवडली असती.

मग क्लासवाले सी प्लस प्लसच का म्हणत होते? ते अगदी खोटे बोलत नव्हते, हे सांगायला हवे. पडद्यावरचा गेम म्हणजे एका सेकंदात साठ वेळा काढलेले चित्र. म्हणजे एका चित्राला साधारण सोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात शंभर खेळाडू, त्यांच्या गोळ्या, गवत, सावल्या, सगळ्यांचा हिशेब करून चित्र तयार झाले पाहिजे, नाहीतर गेम अडखळतो. सी प्लस प्लसमध्ये संगणकाची स्मृती लिहिणारा स्वतः सांभाळतो. कुठे जागा घ्यायची, कधी सोडायची, सगळे त्याच्या हातात. म्हणून ती वेगवान आहे आणि म्हणूनच अवघड. जागा सोडायची विसरलात तर गेम फुगत जातो, आधीच सोडलेल्या जागेत डोकावलात तर बंद पडतो. सी शार्प, जावा किंवा पायथनमध्ये ही झाडलोट भाषाच करते. त्यात थोडा वेळ जातो, पण टोपलीत पडणारी फळे झेलण्याच्या गेममध्ये तो वेळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

भाषा शिकवणारा माणूस म्हणून आम्ही एक वेगळेच माप लावून पाहिले. पायथनमध्ये राखीव शब्द पस्तीस आहेत. सी प्लस प्लसमध्ये शंभराच्या जवळपास. म्हणजे पायथनचा सगळा शब्दसंग्रह आमच्या पाचवीच्या एका धड्याखालच्या शब्दार्थांत मावेल! अर्थात शब्द पाठ झाले म्हणून निबंध लिहिता येत नाही, हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार.

आणि अमुक भाषेतच गेम होतो हेही खरे नाही. माइनक्राफ्ट मार्कुस पेर्सोन याने २००९ साली जावामध्ये लिहायला घेतला. गेमसाठी जावा नको, मंद असते, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सी शार्पमध्ये लिहिला, चार-साडेचार वर्षे खपून. या दोघांनी जगातली उत्तम भाषा शोधण्यात वर्षे घालवली नाहीत. जी येत होती ती घेतली आणि काम पुरे केले.

उलट भाषा निवडली आणि पायाखालची जमीनच गेली असेही होते. एके काळी ब्राउझरमधले बहुतेक गेम फ्लॅशमध्ये असत, त्याची भाषा ॲक्शनस्क्रिप्ट. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश बंद झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केले की ठराविक मर्यादेपुढे गेम जितक्या वेळा फोनवर उतरवला जाईल त्या हिशेबाने पैसे घेऊ. जगभर आरडाओरडा झाला, वर्षभराने तो निर्णय मागे घेतला गेला, पण तोवर अनेकांनी दुसरी भट्टी शोधली होती. भाचा म्हणाला, त्या वेळी आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. पण त्यानेच हेही सांगितले की एक भाषा नीट आली की दुसरी उचलायला फार दिवस लागत नाहीत. अट, पुनरावृत्ती, संख्या साठवून ठेवणे हे सगळीकडे तेच असते. उर्दू येणाऱ्याला फारसी वाचायला जेवढे सोपे जाते, तेवढेच.

एवढे ऐकून आम्ही क्लासला फोन केला. विचारले की सहा महिन्यांनी मुलाच्या हातात पुरा झालेला कोणता गेम असेल? पलीकडच्या बाई नम्र होत्या. म्हणाल्या, सर, या कोर्समध्ये फक्त पाया होतो, गेम पुढच्या कोर्समध्ये. पुढच्या कोर्सची फी वेगळी. भाई शेजारीच होते. त्यांनी कागद पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवला. त्या रात्री मुलगा जेवला नाही, असे दुसऱ्या दिवशी कळले.

मुलाला नुसते नाही म्हणून भागणार नव्हते. त्याच्याजवळ मामेभावाने दिलेला जुना लॅपटॉप होता, चार जीबी रॅमचा. त्यावर अनरियल चालण्याचा प्रश्नच नव्हता आणि युनिटी उघडेपर्यंत चहा करून होई. भाच्याने गोडो नावाचे इंजिन सुचवले. ते अर्जेंटिनातल्या दोघांनी, ख्वान लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर यांनी सुरू केले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. फुकट आहे आणि गेम विकला तरी काही द्यावे लागत नाही. अनरियलही सुरुवातीला फुकटच असते, मात्र एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली की पुढच्या कमाईतले पाच टक्के द्यावे लागतात. भाई म्हणाले, तेवढी झाली तर देऊ की! गोडो शंभरएक एमबीत उतरते. त्याची स्वतःची भाषा आहे जीडीस्क्रिप्ट, दिसायला पायथनसारखी. चेंडू जमिनीला लागला तर गुण एकने कमी कर, हे तिच्यात जवळपास तसेच, दोन छोट्या ओळींत लिहिता येते.

इथे मध्येच मुलाची धाकटी बहीण आली. ती आमच्याच शाळेत सहावीत आहे. भाईचे एवढे कौतुक चाललेले पाहून तिनेही हट्ट धरला. शाळेच्या संगणक खोलीत स्क्रॅच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी आठ ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेली ही भाषा २००७ पासून सगळ्यांना फुकट मिळते. तिच्यात लिहायचे काही नसते. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, की मांजर चालायला लागते. बहिणीने मांजर काढून टाकले आणि नानखटाई आणली. वरून नानखटाया पडतात, खाली ट्रे सरकवून झेलायच्या, करपलेली झेलली तर दोन गुण कमी. चार दिवसांत तिचा गेम तयार! संगणकाच्या तासाला वर्गातल्या मुली तोच खेळत होत्या.

भावाने ओठ वाकडे केले. "त्यात काय, नुसते ठोकळे जोडलेत." आम्ही त्याला तिचे ठोकळे एकेक करून वाचायला लावले. कायम करत राहा. जर ट्रेला लागले तर. गुण एकने वाढव. तो गप्प झाला. त्याच्या जीडीस्क्रिप्टमध्ये त्या दिवशी एक रिकामा पडदा होता आणि तांबड्या रंगात आलेली चूक. घरात ज्यांची मुले सातवीच्या आत आहेत त्यांनी तरी सध्या दुसऱ्या कशाचा विचार करू नये असे आमचे मत आहे.

मुलाचा गेमही अखेर बेकरीचाच ठरला. गिऱ्हाईक येते, पडद्यावर वस्तूचे नाव येते, कधी मराठीत, कधी उर्दूत, आणि खेळणाऱ्याने योग्य ट्रेवर बोट ठेवायचे. उर्दू-मराठीची कल्पना आमची. तिसरी-चौथीच्या मुलांना वाचनाचा सराव म्हणून असे काही मिळावे ही आमची जुनी हौस. आणि इथेच आम्हाला समजले की ज्या प्रश्नाचा कागदावर पत्ताच नव्हता तो आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

मुलाला मित्राने पेन ड्राइव्हवर गोडोची जुनी, तिसरी आवृत्ती दिली होती. लॅपटॉपवर ती झकास चालली. एका संध्याकाळी तो उड्या मारत आला, "सर, उर्दू टाकलं!" पाहतो तर 'बेकरी'ची अक्षरे सुटी सुटी. बे वेगळा, ये वेगळा, काफ वेगळा, आणि ओळ डावीकडून सुरू झालेली. मराठीकडे वळलो तर 'बिस्किट'मधली वेलांटी 'ब'च्या पुढे जाऊन पडलेली आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला 'स' लंगडत उभा. पहिलीतल्या मुलाने असे लिहिले असते तर आम्ही वही परत केली असती.

चूक मुलाची नव्हती. संगणकाच्या पोटात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने एकामागून एक ठेवलेली असतात. उर्दूत तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळे रूप घेते. मराठीत वेलांटी बोलताना नंतर येते, पण लिहिताना आधी. हे रूप ठरवण्याचे काम वेगळ्या यंत्रणेचे असते आणि इंग्रजीला तिची फारशी गरज नसल्याने पुष्कळ इंजिनांत ती सुरुवातीला घातलीच गेली नाही. गोडोमध्ये ती मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत आली. ब्राउझरमध्ये ती कधीपासूनच आहे, म्हणून जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या वेबवरच्या गेममध्ये उर्दू आणि मराठी अक्षरे आपोआप जुळून येतात. गेम शिकायला लॅपटॉपच नसेल, फक्त ब्राउझर असेल, अशा घरांसाठी आम्ही जावास्क्रिप्टच सुचवू.

तेव्हा आपल्या लिपीत गेम करायचा असेल तर पहिल्याच दिवशी, बाकी काही शिकण्याआधी, पडद्यावर 'बिस्किट' लिहून पाहावे. आम्ही ते केले नाही आणि मुलाचे दोन आठवडे गेले. चौथ्या आवृत्तीत आल्यावर त्याचा निम्मा मजकूर चालेना, कारण काही शब्दच बदलले होते. जिथे 'यील्ड' लिहायचे तिथे आता 'अवेट'. शिवाय जुन्या लॅपटॉपवर ती आवृत्ती उघडेचना. भाच्याने फोनवर सांगितले की चित्रे काढण्याची 'कम्पॅटिबिलिटी' नावाची पद्धत निवड, ती जुन्या यंत्रांसाठीच आहे. निवडली आणि चालले. त्या रात्री पडद्यावर 'बेकरी' उजवीकडून, नीट हातात हात घालून आली, तेव्हा आम्ही तिघांनी तो शब्द विनाकारण दहा वेळा पाहिला.

मुलाच्या अम्मीची हरकत मात्र राहिलीच होती. गेम म्हणजे पैसे लावणे, हे त्यांच्या डोक्यात पक्के. त्यांचे चुकत नाही. मोहल्ल्यात त्या नादाने कर्जात बुडालेली दोन घरे आम्हाला माहीत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, तो आम्ही त्यांना समजावून सांगितला. त्याच कायद्यात शिकवणाऱ्या आणि नुसत्या करमणुकीच्या गेमना उत्तेजन द्यायचे म्हटले आहे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पण नानखटाईचे चित्र चुकले आहे, वर भेग असते, असे त्यांनीच मुलाला सांगितले, आणि त्याने ते दुरुस्त केले.

नोकरीच्या दृष्टीने विचाराल तर भाच्याचे सांगणे असे की त्याच्या ऑफिसात येणाऱ्या मुलांना सी शार्प किंवा सी प्लस प्लस यांपैकी एक यावेच लागते. जीडीस्क्रिप्टवर कोणी नोकरी देणार नाही. पण मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, तू पुरा केलेला गेम दाखव. सहा महिन्यांच्या पायाचे प्रमाणपत्र तिथे टेबलावर तसेच पडून राहते. मुलाने बारावीनंतर सी शार्पकडे वळायचे ठरवले आहे. गोडोमध्येही सी शार्प चालते, त्यामुळे भट्टी न बदलता बोली बदलता येईल. सी प्लस प्लस त्यानंतर, अभियांत्रिकीला गेला तर तिथे ती शिकवतीलच. भिशीचा पैसा भट्टीला लागला. रमजानच्या आधी काम झाले पाहिजे म्हणून भाई स्वतः गवंड्याजवळ उभे होते.

आता गेम प्ले स्टोअरवर टाकायचा खटाटोप चालू आहे. खाते उघडायला पंचवीस डॉलर एकदाच भरावे लागतात आणि वय अठरा लागते, म्हणून खाते भाईंच्या नावाने. नव्या खात्याला आणखी एक अट आहे. निदान बारा जणांनी सलग चौदा दिवस गेम आपापल्या फोनवर ठेवून तपासून पाहिला पाहिजे, मगच तो सगळ्यांसाठी खुला करण्याचा अर्ज करता येतो. बेकरीच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर त्या बारा जणांची यादी आहे. दोन चाचे, चार मामेभाऊ, पावाच्या गाडीवरचा पोऱ्या, पुण्याचा भाचा. आमचेही नाव आहे. आमच्या फोनवर उर्दूचा फॉन्ट नस्तालिक असल्यामुळे वरच्या ओळीचे नुक्ते कापले जातात. मुलगा म्हणतो, ओळीची उंची वाढवावी लागेल, रविवारी बसतो.